ऊस गोड लागला म्हणून…

नववीच्या वर्गावर म्हणींचा तास चालू होता. ‘ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये’ ही म्हण मी फळ्यावर लिहिली आणि अर्थ विचारला. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाला, ‘‘सर, मूळ कोण खातंय? ते खोडव्याला ठेवायचं असतंय की!’’ सारा वर्ग हसला. मीही हसलो. शेतकऱ्याचे पोर, त्याने आपल्या अनुभवाचे उत्तर दिले.

तास संपवून मी ऑफिसात येऊन बसलो, पण ते उत्तर काही मनातून जाईना. म्हण सांगते, हाव आवरा. पोरगा सांगतो, मूळ राखायचे ते पुढच्या वर्षीच्या उसासाठी. संयम शिकवणारी म्हण आमच्या रानात येऊन नफ्याचा हिशेब होऊन बसली होती! आणि यात चूक त्या पोराची मुळीच नव्हती. त्याच्या आजाने, बापाने आणि त्याच्या हेडमास्तरानेही त्याला दुसरे काही दाखवलेलेच नाही.

आमचे गाव दूधगंगेच्या काठचे. गावातल्या ग्रामपंचायतीसमोर दर पाच जूनला झाड लावले जाते, बहुधा मागच्या वर्षीच्याच खड्ड्यात. महात्मा फुले, राजर्षी शाहू, आंबेडकर यांच्या जयंत्या होतात, समतेवर भाषणे होतात, मी स्वतः ती करतो. तरी गेल्या तीस-चाळीस वर्षांत ना आमच्या नदीची दशा सुधारली, ना भूमिहीनाच्या पोराची. असे का, म्हणून विचारले की उत्तरे ठरलेली असतात. सरकार नालायक आहे. पुढारी लुटारू आहेत. लोक अडाणी आहेत. पूर आला तर आलमट्टी धरण जबाबदार आहे. या प्रत्येक उत्तरात थोडेबहुत तथ्य असेलही. पण या सगळ्यांत एक मोठी सोय आहे, ती ही की दोषी नेहमी गावाच्या वेशीबाहेर सापडतो.

माझे म्हणणे निराळे आहे. सुधारणा अडते ती श्रीमंतांच्या तिजोरीपाशी जितकी, तितकीच ती आमच्यासारख्या मधल्या माणसांच्या श्रीमंत होण्याच्या आशेपाशी अडते. बड्या बागाईतदाराला बदल नको असतो, हे समजू शकते. त्याचे नुकसान आहे. पण दोन एकरवाल्यालाही तो नको असतो. कारण उद्या आपणही दहा एकरवाले होऊ, असे त्याला वाटत असते आणि त्या उद्याच्या दहा एकरांवर आजच कोणी मर्यादा घातलेली त्याला चालत नाही. जे आपल्याजवळ अजून आलेलेच नाही, त्याच्या राखणीला आपण बसलो आहोत!

गैरसमज होऊ नये म्हणून एक गोष्ट आधीच सांगतो. पोटापुरते मागणे म्हणजे लोभ नव्हे. १९८१ साली निपाणीला तंबाखू उत्पादकांनी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली महामार्ग अडवला, गोळीबार झाला, माणसे मेली. ते घामाचे दाम मागत होते. २०२५ च्या नोव्हेंबरात गुर्लापूर क्रॉसवर ऊसवाले शेतकरी टनाला साडेतीन हजार मागत रस्त्यावर बसले, त्यांची मागणीही मी न्याय्यच मानतो. कष्टाला भाव मिळालाच पाहिजे. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. टनाला किती, हे आम्ही इतक्या पोटतिडकीने विचारतो. मग एका टनाला पाणी किती, त्या पाण्यावर दुसऱ्या कोणाचा हक्क होता की नाही आणि त्या टनाची मोळी कोणाच्या डोक्यावरून ट्रॅक्टरमध्ये चढली, हे आम्ही कधीच का विचारत नाही?

आता रानाकडे वळू. माझ्या लहानपणी आमच्या रानात शाळू होता, हरभरा होता, भुईमूग होता, बांधाला तूर आणि पावटा होता. विहिरीच्या पाण्यावर अर्धा एकर ऊस असे, त्याचे गुऱ्हाळ लागे. काकवीची किटली घरोघर जाई. जुन्या काळाचे गोडवे मला गायचे नाहीत. त्या काळी विहिरीवर जात होती, गरिबी होती, दुष्काळ होते. पण उसाला तेव्हा एक मर्यादा होती, ती म्हणजे मोटेच्या पाण्याची. नदीवर विजेच्या मोटारी बसल्या, उपसा योजना झाल्या, काळम्मावाडीचे पाणी आले, कारखाने उभे राहिले आणि ती मर्यादा सुटली. आज नदीपासून माळापर्यंत नजर टाकली तर उसाच्या हिरव्या भिंतीपलीकडे काही दिसत नाही. कडबा गेला, कडधान्य गेले. आमच्या गावचे शेतकरी आता तूरडाळ दुकानातून किलोवर आणतात.

या हिरव्या भिंतीचा हिशेब फार जुना आहे. एक किलो साखर तयार व्हायला आपल्याकडे दीड ते दोन हजार लिटर पाणी लागते. महाराष्ट्रात एकूण पिकाखालच्या जमिनीपैकी उसाखाली जेमतेम चार टक्के जमीन, पण सिंचनाच्या पाण्यापैकी साठ-सत्तर टक्के पाणी तोच पितो, हे कृषिमूल्य आयोगानेच सांगितलेले आहे. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचे पाणी न्यावे लागले. मिरज आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. ज्या कृष्णेचे पाणी त्या वाघिणींतून गेले, तिच्याच काठी आमच्या सऱ्या त्या उन्हाळ्यात तुडुंब भरलेल्या होत्या. आणि लातूर तरी काय, त्या जिल्ह्यानेही कारखाने आणि ऊस जोपासलेच होते. तहान तिथली आणि हिरवळ इथली, दोन्हींच्या मुळाशी एकच पीक!

पाण्याचे जाऊ द्या, जमिनीचे पाहू. आमची जमीन भारी काळी, निचरा मंद. तिला बारमाही पाणी दिले की खालची पातळी वर येते, पाणी उन्हाने उडून जाते आणि क्षार वर बसतात. चिकोडी, रायबाग, अथणी, पलीकडे शिरोळ, मिरज, सगळीकडे अशी क्षारपड आणि पाणथळ राने झाली आहेत. नदीकडेच्या आमच्या साडेतीन एकरांपैकी एक एकरावर असाच पांढरा थर आला. तिथे आता ऊस नाही, शाळू नाही, गवतसुद्धा धड नाही. आजाने ज्या रानाला सोने म्हटले, ते त्याच्या नातवांनी एका पिढीत मातीमोल केले. त्यातला एक नातू एम.ए. झालेला असून मुलांना पर्यावरणाचा धडा शिकवतो!

यावर शहाणे लोक म्हणतात, तंत्रज्ञान वापरा, ठिबक करा. महाराष्ट्र सरकारने २०१७ साली उसाला ठिबक सक्तीचे करण्याचा निर्णयही घेतला होता. बहुतेक सऱ्या त्यानंतरही पाटानेच भिजत राहिल्या. पण आम्ही ठिबक केले, त्याची गोष्ट ऐका. अनुदान घेऊन दोन एकरांवर नळ्या अंथरल्या. पाणी खरोखरच वाचले. धाकटा भाऊ आनंदाने म्हणाला, ‘‘दादा, आता वरच्या माळालाबी लागण करता येईल!’’ आणि वाचलेले पाणी आम्ही पाइप टाकून वर नेले. ज्या माळावर तोवर शाळू होता, तिथे आणखी दोन एकर ऊस उभा राहिला. यंत्राने आपले काम चोख केले होते. त्याने वाचवलेले पाणी नदीला परत द्यायचे की आणखी टन काढायचे, हे यंत्र ठरवत नाही, माणूस ठरवतो. हाव तशीच ठेवून नुसते यंत्र बदलले, तर नव्या यंत्राने हावेचेच पीक अधिक जोमाने येते. इथेनॉलचेही मला तेच भय वाटते. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने २०२५ मध्ये गाठले. परदेशी तेल कमी लागेल, ठीक. पण उसाची सरी कमी करण्याचे आणखी एक कारण त्यामुळे बाद झाले, हेही खरेच.

२००५, २०१९, २०२१ या तिन्ही वर्षी आमच्या भागात महापूर आले. २०१९ ला आमच्या शाळेचे वर्ग पूरग्रस्तांनी भरले होते. पूर उसामुळे आला, असे मी म्हणणार नाही. पाऊस अफाट होता, धरणांच्या विसर्गाचा प्रश्न होता. पण गावातले पाणी नदीकडे नेणारे दोन ओढे बुजवून त्यांत सऱ्या कोणी काढल्या? त्या आलमट्टीच्या अभियंत्यांनी नक्कीच काढल्या नव्हत्या. पाणी ओसरल्यावर पंचनामे झाले, नुकसानभरपाई आली. ओढे मोकळे करा, असा विषय ग्रामसभेत निघाला तेव्हा ज्यांच्या घरात कमरेएवढे पाणी शिरले होते, तेच लोक गप्प बसले. एकाने मला बाहेर गाठून सांगितले, ‘‘सर, बरोबर हाय तुमचं, पर माझीबी चार सऱ्या हायत तितं.’’ चार सऱ्यांसाठी घर पाण्यात! लोभ याहून स्पष्ट बोललेला मी ऐकला नाही.

आता समाजाकडे येतो, कारण नदीचे दुखणे आणि माणसाचे दुखणे वेगळे नाही.

दिवाळी झाली की आमच्या शाळेच्या मागच्या माळावर पालांची वस्ती उभी राहते. बीडकडच्या टोळ्या येतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायला नवराबायको मिळून एक ‘कोयता’ म्हणून राबतात. माणूस मोजायचा तर हत्याराच्या नावाने मोजायचा, ही आमची भाषा. पहाटे अंधारात ते फडात जातात. त्यांची दहा-बारा वर्षांची पोर धाकट्याला कडेवर घेऊन आमच्या शाळेच्या कुंपणाबाहेर उभी राहते आणि आतली प्रार्थना ऐकते. २०१९ साली महाराष्ट्र सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड बायांची पाहणी झाली, त्यांत १३ हजारांहून अधिक बायांची गर्भपिशवी काढलेली आढळली. एक दिवस खाडा झाला तर दंड, म्हणून मासिक पाळीचीच अडचण नको, असाही हिशेब त्यामागे असल्याच्या तक्रारी होत्या. वाचकहो, आपण ज्या साखरेचे लाडू या दिवाळीत खाणार आहोत, तिच्यात हे आहे.

मी एकदा गावात सुचवले की टोळ्यांच्या मुलांना हंगामापुरते आपल्या गावच्या प्राथमिक शाळेत बसवू, दुपारचे जेवण देऊ, मोठ्या बागाईतदारांनी टनामागे एक रुपया द्यावा. रुपया! एकानेही नाही म्हटले नाही, हे विशेष. सगळे म्हणाले, कल्पना उत्तम आहे. पुढच्या बैठकीला मी आणि शिपाई, असे दोघेच होतो. मागून कळले ते असे की, पोरे शाळेत बसली तर धाकटी भावंडे सांभाळायला कोण, मग बाया फडात वेळेवर येणार नाहीत आणि तोड लांबेल, ही भीती सर्वांना होती. रुपयाचा प्रश्न नव्हताच. दुसऱ्याची मुलगी अडाणी राहण्यातच आमच्या तोडीची सोय होती.

तीच गोष्ट लग्नाची. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा आहे. पण आमच्याकडे सोयरीक ठरवताना पहिला प्रश्न असतो, ‘कारखान्याला किती टन जातोय?’ टन जास्त तर अपेक्षा जास्त. मुलीचा बाप मग त्या अपेक्षेसाठी स्वतःच्या शाळवाच्या रानात ऊस लावतो. हुंडा वाईट, हे दोन्हीकडच्या मंडळींना मान्य असते. मुलाच्या लग्नात घेऊन मुलीच्या लग्नातले भरून काढू, असा मनात हिशेब असतो, एवढेच. मुले-मुली दोन्ही असलेल्या घरात सुधारणा अशी वजाबाकीत अडकते.

आणि शाळा? तिच्याविषयी लिहिताना हात अडखळतो. आमच्या शाळेच्या दोन खोल्या एका कारखान्याच्या देणगीतून झाल्या आहेत. कारखान्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. असा प्रत्येक शाळेला एखादा कारखाना असतो. काही वर्षांपूर्वी दहावीतल्या एका मुलीने आमच्या भित्तिपत्रकासाठी निबंध लिहिला. तिने नदीचे पाणी, कारखान्याच्या मळीचा वास, मेलेले मासे आणि पालांवरच्या मुली, सगळे साध्या शब्दांत लिहिले होते. दुसऱ्या दिवशी देणगीदार मंडळी शाळेत यायची होती. मी तिला बोलावले आणि म्हणालो, ‘‘बाळ, लिहिलंस छान, पण भाषा जरा सौम्य कर.’’ ती म्हणाली, ‘‘सर, यात कडक काय आहे ते सांगा, तेवढं बदलते.’’ मला एकही शब्द दाखवता आला नाही. निबंध मी ‘पुढच्या अंकासाठी’ ठेवून घेतला. तो पुढचा अंक आजतागायत निघालेला नाही.

लाच घेतल्याचा आरोप माझ्यावर कोणी करू शकणार नाही. एक पैसा मी घेतला नाही. पण संस्थेला तिसरी खोली मिळावी, ही माझी इच्छा होती. म्हणजे धनाची इच्छा नेहमी स्वतःच्या खिशासाठीच असते असे नाही. ती चांगल्या कामाचा सदरा घालून येते आणि मग ती अधिक अवघड होते, कारण तिला लोभ म्हणायला जीभ धजत नाही.

माझ्यावर आक्षेप येतील, ते मला ठाऊक आहेत. पहिला असा की, सरकारी पगार घेणाऱ्या मास्तराने शेतकऱ्याला त्याग शिकवू नये. मान्य! वेतन आयोगाची थकबाकी किती मिळणार, याची चर्चा आमच्या स्टाफरूममध्ये ज्या तळमळीने होते, त्या तळमळीने एकाही मुलाच्या गळतीची चर्चा झालेली मी ऐकलेली नाही. म्हणूनच हा लेख मी ‘ते’ न म्हणता ‘आपण’ म्हणून लिहितो आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ऊस नको, तर लावायचे काय? उसाला केंद्राने ठरवलेला दर आहे. २०२५-२६ साठी तो सव्वादहा टक्के उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये होता. बिल उशिरा मिळते, पण मिळते. शाळवाला, तुरीला, हरभऱ्याला कागदावर हमीभाव आहे, बाजारात कोण विचारतो? हे अगदी खरे आहे. पण मग आमच्या एवढ्या शेतकरी संघटना, एवढे आमदार, एवढे मोर्चे, यांतून शाळू-तुरीच्या हमखास खरेदीसाठी महामार्ग किती वेळा अडला? अडला नाही, कारण त्यात चार पैसे मिळतील, पण कोणी बागाईतदार होणार नाही, कारखान्याचा संचालक होणार नाही. आम्हाला सुरक्षितता हवी आहे असे आम्ही म्हणतो. मनातून आम्हाला सोडत हवी असते.

तिसरा आक्षेप म्हणजे साखरेच्या पैशाने तर आपल्या भागात शाळा, दवाखाने, रस्ते आले. हेही नाकारण्याचे कारण नाही. १९५० च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरला सहकारी कारखाना उभा केला, तेव्हा सावकाराच्या विळख्यातून लहान शेतकरी सोडवणे हा त्यामागचा विचार होता. तो विचार सुधारणेचा होता. पण सहकार हे साधन राहिले आणि साध्य बदलले. सगळ्यांनी मिळून उभे राहण्यासाठी निघालेली वाट सगळ्यांना मागे टाकून पुढे जाण्याची शर्यत झाली. ज्याला विहीर त्याला पाणी, ज्याला पाणी त्याला ऊस, ज्याला ऊस त्याला मत आणि ज्याला जमीनच नाही, त्याला कोयता.

याला दुसरी वाट नव्हती का? होती आणि ती आपल्याच लोकांनी दाखवली होती. महात्मा फुल्यांनी १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये शेतकऱ्याच्या गुलामगिरीबद्दल लिहिताना ताली-बंधारे घालून पाणी जमिनीत मुरवण्याचीही सूचना केली. समाज आणि पाणी त्यांच्या लेखी एकच प्रश्न होता. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी १९७४ पासून पुरंदर तालुक्यातल्या नायगावी पाणी पंचायतीचा प्रयोग केला. त्याचे नियम वाचले की आजही थरार वाटतो. पाणी जमिनीच्या एकरांवर नव्हे, घरातल्या माणसांवर मोजायचे; माणशी अर्ध्या एकरापुरते. भूमिहीनालाही पाण्याचा वाटा. उसासारखे बारमाही पीक घ्यायचे नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जायचा नाही. नगर जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, हिवरे बाजारने पोपटराव पवारांच्या पुढाकाराने ऊस-केळीसारखी पिके बंद केली, शेतीसाठी बोअर मारणे थांबवले आणि दुष्काळी गाव सावरले.

या प्रयोगांना पुरस्कार मिळाले, त्यांच्यावर धडे लिहिले गेले, सहली गेल्या. आमच्या शाळेचीही सहल हिवरे बाजारला जाऊन आली. गावकऱ्यांनी गाडीभाड्याला वर्गणीसुद्धा दिली. मग आमच्या नदीखोऱ्यात साळुंख्यांचा नियम एकाही गावाने का घेतला नाही? तो अवघड होता म्हणून नव्हे. अर्धा एकर ही अंकगणिताची गोष्ट आहे, चौथीतल्या पोराला कळेल. तो घेतला नाही, कारण त्यात उपाशी कोणी राहत नाही, पण श्रीमंतही कोणी होत नाही. आदर्श गाव आम्हाला पाहायला आवडते. त्यात राहायला आवडत नाही.

सीमाभागातल्या वाचकांना आणखी एक सांगायचे आहे. एक नोव्हेंबरला आपण काळा दिवस पाळतो. भाषेचा, शाळेचा, सातबारा मराठीत मिळण्याचा लढा माझाही आहे, माझी सारी नोकरी मराठी शाळेत गेली. पण त्याच सुमारास कारखान्यांचे बॉयलर पेटतात आणि तिथे मात्र मराठी आणि कानडी असा भेद राहत नाही. वजनकाट्यावर दोघांचे ट्रॅक्टर एकाच रांगेत, उपसा योजनेत दोघांचे पाइप एकाच डोहात आणि पालांवरच्या पोरींकडे पाठ फिरवण्यात दोघांचे एकमत! लोभासाठी आपण एक होऊ शकतो, तर नदीसाठी का नाही? भाषा टिकायची ती बोलणाऱ्या माणसांच्या गावात टिकायची. गावाची माती चोपण झाली, पोरे पुण्या-बंगळूरला गेली, तर पाटी कोणत्या लिपीत लावायची हा वाद घालायला तरी कोण उरणार आहे?

मी काही संन्यास सांगत नाही. माझ्या मागण्या अगदी लहान आहेत. प्रत्येक घराने उसाला मर्यादा घालावी, आपल्या बागाईत रानाच्या एक तृतीयांशाहून जास्त नाही. उरलेल्यात धान्य, कडधान्य आणि जनावरांचे वैरण. ठिबक केले तर वाचलेल्या पाण्यावर नवी सरी नाही, असा ठराव ग्रामसभेत घ्यावा. बुजवलेले ओढे मोकळे करावेत, चार सऱ्यांसकट. टनामागे एक रुपया टोळीच्या मुलांसाठी द्यावा आणि त्यांच्या धाकट्या भावंडांसाठी फडाजवळ पाळणाघर काढावे. सोयरिकीत टन विचारणाऱ्याला उठून चहा द्यावा आणि वाटेला लावावे. यातली कोणतीही गोष्ट करायला दिल्ली किंवा बंगळूरची परवानगी लागत नाही. लागते ती फक्त श्रीमंत होण्याची आशा थोडी कमी करण्याची तयारी.

माळावरच्या दोन एकरांचा खोडवा गेल्या हंगामात तुटून गेल्यावर मी तो नांगरून टाकला. भाऊ महिनाभर माझ्याशी बोलला नाही. वहिनीच्या माहेरी बातमी गेली की मास्तरांचे डोके फिरले. पुढे पावसाळ्यात तूर आणि भुईमूग पेरला, त्यात हिशेबाने आमचे नुकसानच झाले, ते मी लपवणार नाही. भाऊ परवा बांधावर उभा राहून म्हणाला, ‘‘दादा, तुला पगार हाय, तुला जमतंय. माझ्या पोरांचं काय?’’ त्याला देण्याजोगे पुरे उत्तर माझ्याजवळ नाही. अर्धे उत्तर आहे. त्याच्या पोरांना नदी लागेल, माती लागेल, हे ते अर्धे. उरलेले अर्धे एकट्यादुकट्या मास्तराने द्यायचे नसते, गावाने मिळून द्यायचे असते; आणि आपण ते देत नाही, तोवर भावाचे म्हणणे मला खोडून काढता येणार नाही.

त्या मुलीचा निबंध अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. ती आता पदवीच्या वर्गात शिकते. दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरेल तेव्हा तो निबंध, एकही शब्द सौम्य न करता, तिच्या नावासकट भित्तिपत्रकात लागेल. तिला तसे पत्र मी घातले आहे आणि तिने होकार कळवला आहे. आमचे भित्तिपत्रक व्हरांड्यात असते, देणगीदारांच्या संगमरवरी पाटीला अगदी लागून.